दुर्बिणीने की पोट उघडून? गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन सोप्या भाषेत

एरवी मी इथे फोनचे कॅमेरे, अ‍ॅप्स आणि बॅटरीबद्दल लिहिते. आजचा विषयही एका अर्थाने कॅमेऱ्याचाच आहे. फक्त हा कॅमेरा पोटात जातो.

माझे काका भाईंदर पूर्वेला राहतात. वय ४८. शौचाच्या वेळी रक्त पडायचं. त्यांनी पाच महिने ते मूळव्याध समजून काढले. मेडिकलमधून मलम आणलं, इसबगोल घेतलं, तिखट बंद केलं. शेवटी तपासणी झाली आणि गुदाशयाचा कॅन्सर निघाला. त्या रात्री घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला मेसेज आला तो एका रीलचा: "आता कॅन्सरचं ऑपरेशन रोबोट करतो, टाका नाही, दुखणं नाही!" दुसरा मेसेज गावच्या आत्याचा: "दुर्बिणीत सगळं निघत नाही, पोट उघडूनच करा." काका मला म्हणाले, "तू ते टेक्नॉलॉजीचं लिहितेस ना? मग तूच बघून सांग, कुठलं चांगलं."

मी बघायला बसले. आणि कळलं की आम्ही सगळे चुकीचा प्रश्न विचारत होतो. तो कसा चुकीचा, हेच या लेखात सांगते.

आधी 'दुर्बीण' या शब्दाचा घोळ सोडवू

आपल्याकडे 'दुर्बिणीने केलं' हे दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतात. त्यामुळे काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "दुर्बीण तर झाली ना मागच्या आठवड्यात? मग परत ऑपरेशन कशाला?"

मागच्या आठवड्यात झाली होती ती कोलोनोस्कोपी. त्यात गुदद्वारातून कॅमेऱ्याची लवचिक नळी आत घालतात, आतडं आतून बघतात आणि गाठीचा छोटा तुकडा तपासायला काढतात. ती तपासणी आहे.

दुसरी दुर्बीण म्हणजे लॅप्रोस्कोपी. त्यात पोटावर छोटी छिद्रं पाडून कॅमेरा आणि अवजारं आत घालतात. हे पूर्ण भूल देऊन केलेलं मोठं ऑपरेशन आहे. बाहेरून छिद्रं छोटी असली तरी आतलं काम छोटं नसतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ही दुसरी दुर्बीण मुंबईला नवीन नाही. जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ मध्ये दुर्बिणीने पोटाची तपासणी सुरू केली आणि १९९० मध्ये तिथेच भारतातलं दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन केलं. म्हणजे हे तंत्र आपल्याकडे स्मार्टफोनच्या कितीतरी आधी आलं.

गुदाशय म्हणजे नेमकं कुठे?

मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण १२ ते १५ सेंटीमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. तो कमरेच्या हाडांच्या खोबणीत बसलेला असतो. समोर पुरुषांमध्ये मूत्राशय आणि प्रोस्टेट, बायकांमध्ये गर्भाशय आणि योनी. मागे माकडहाड. बाजूने लघवीच्या आणि लैंगिक क्रियेच्या नसा जातात.

सकाळी ८ च्या विरार लोकलमध्ये भाईंदरला चढून बघा. हात हलवायलाही जागा नसते. सर्जनला साधारण तशाच जागेत काम करायचं असतं. पुरुषांची ही खोबण बायकांपेक्षा अरुंद असते. पोट सुटलेलं असेल, गाठ मोठी किंवा खूप खाली असेल, तर काम आणखी अवघड होतं. पोटातल्या बाकीच्या ऑपरेशनांचे नियम इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत ते याचमुळे.

खरं काम: पुडकं न फाडता काढणं

गुदाशयाभोवती चरबीचं एक जाड वेष्टन असतं. त्यात रक्तवाहिन्या आणि लसिकाग्रंथी असतात. कॅन्सरच्या पेशी पसरायला लागल्या की बऱ्याचदा आधी याच वेष्टनात जातात.

पूर्वी सर्जन हा भाग बराचसा हाताने सोडवून काढायचे. वेष्टन फाटायचं, थोडं आत राहायचं आणि अनेक पेशंटमध्ये त्याच जागी कॅन्सर परत यायचा. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडलं की गुदाशय आणि वेष्टन हे एकच पुडकं समजा. त्याच्या बाहेरून एक नैसर्गिक पातळ पदर जातो. डोळ्यांनी नीट बघत त्या पदरातूनच कापत जा आणि पुडकं अखंड बाहेर काढा. या पद्धतीने कॅन्सर त्याच जागी परत येण्याचं प्रमाण खूप खाली आलं. आज जगभर हीच पद्धत प्रमाण मानतात. तिचं छोटं नाव टीएमई.

आता मुद्द्याचं. ओपन असो, दुर्बीण असो की रोबोट, आत टीएमईच करायची असते. फरक एवढाच की त्या पदरापर्यंत पोहोचायचं कुठून आणि बघायचं कशातून.

तीन रस्ते, एकच काम

*ओपन:* पोटाच्या मध्यभागी उभा मोठा छेद घेतात. सर्जनचे हात थेट आत असतात, त्यामुळे हाताला स्पर्श कळतो. पण खोल खोबणीच्या तळाशी प्रकाश आणि नजर पोहोचवणं कठीण जातं. टेबलाच्या दुसऱ्या बाजूच्या मदतनीसाला तर जवळजवळ काहीच दिसत नाही. जखम मोठी असल्याने सुरुवातीचे दिवस जास्त दुखतं, आणि पुढे त्या जागी हर्निया होण्याची शक्यता राहते.

*लॅप्रोस्कोपी:* पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा तयार करतात. मग ५ ते १२ मिलिमीटरची चार-पाच छिद्रं. एका छिद्रातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब, सरळ दांड्याची अवजारं. चित्र मोठं होऊन स्क्रीनवर येतं, तेही थेट खोबणीच्या तळातून. गंमत म्हणजे शेवटी एक छोटा छेद घ्यावाच लागतो, कारण काढलेला भाग बाहेर तर आणायला हवा! म्हणजे 'टाकाच नाही' हे रीलमधलं वाक्य खोटं. अडचण अवजारांची. ती मनगटासारखी वळत नाहीत. अरुंद जागेत सरळ काठ्यांनी काम करायचं, म्हणून शिकायला वेळ लागतो.

*रोबोटिक:* हीसुद्धा छिद्रांतूनच केलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया. पण अवजारांची टोकं मनगटासारखी वळतात, चित्र थ्रीडी दिसतं आणि हाताची बारीक थरथर मशीन गाळून टाकतं. सर्जन त्याच खोलीत कन्सोलवर बसून ती अवजारं हलवतो. रोबोट स्वतःहून एक इंचही कापत नाही. दा विंची हा सगळ्यात प्रसिद्ध रोबोट. अमेरिकेत त्याला २००० मध्ये मान्यता मिळाली. आता गुरुग्राममध्ये बनणारा एसएसआय मंत्रा हा देशी रोबोटही आहे. खर्च मात्र साध्या दुर्बिणीपेक्षा सहसा जास्त येतो.

आकडे काय सांगतात?

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. कारण 'माझ्या ओळखीत एकाचं झालं, मस्त आहे' हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे असे अभ्यास, ज्यांत कोणाचं ऑपरेशन कुठल्या पद्धतीने करायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतात आणि मग वर्षानुवर्षं पाठपुरावा करतात.

कलर-२ नावाच्या अभ्यासात ८ देशांतल्या ३० हॉस्पिटलांतले १,०४४ पेशंट होते. सुरुवातीचा निकाल असा:

- रक्तस्राव: दुर्बिणीत साधारण २०० मिली, ओपनमध्ये ४०० मिली.
- वेळ: दुर्बिणीत २४० मिनिटं, ओपनमध्ये १८८ मिनिटं.
- हॉस्पिटलातला मुक्काम: दुर्बिणीत ८ दिवस, ओपनमध्ये ९ दिवस.
- ऑपरेशननंतर होणारे त्रास: जवळपास सारखेच.

म्हणजे दुर्बिणीचा फायदा खरा आहे, पण 'दुसऱ्या दिवशी घरी' असा नाही. २०१५ मध्ये तीन वर्षांनंतरचा निकाल आला. कॅन्सर त्याच भागात परत येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत ५ टक्के. अगदी सारखं.

मग वाद संपला? नाही. त्याच २०१५ मध्ये आणखी दोन अभ्यास आले. एक अमेरिका-कॅनडातला, ४८६ पेशंटांचा. दुसरा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला, ४७५ पेशंटांचा. त्यांनी वेगळा प्रश्न विचारला: काढलेलं पुडकं किती जणांत अखंड निघालं आणि कडा स्वच्छ होत्या? पहिल्यात ओपनला ८६.९ टक्के, दुर्बिणीला ८१.७ टक्के. दुसऱ्यात ओपनला ८९, दुर्बिणीला ८२. फरक छोटा, पण 'दुर्बीण ओपनइतकीच चांगली' असं म्हणता येईना. आत्याचा मेसेज अगदीच हवेतला नव्हता तर! पुढे २०१९ मध्ये याच पेशंटांचे दोन वर्षांनंतरचे निकाल आले, तेव्हा कॅन्सरमुक्त राहणाऱ्यांच्या प्रमाणात दोन्ही पद्धतींत ठोस फरक दिसला नाही.

आणि रोबोट? २०१७ च्या रोलार अभ्यासात ४७१ पेशंट होते. दुर्बिणीवरून अर्ध्यात ओपनकडे वळावं लागण्याचं प्रमाण रोबोटमध्ये ८.१ टक्के आणि साध्या दुर्बिणीत १२.२ टक्के निघालं. हा फरक ठामपणे सिद्ध झाला असं म्हणण्याइतका मोठा नव्हता. नंतर चीनमधल्या रिअल या मोठ्या अभ्यासात चित्र रोबोटच्या बाजूने झुकलं. गाठ मधल्या किंवा खालच्या भागात असलेल्या पेशंटांमध्ये तीन वर्षांत कॅन्सर त्या भागात परत येण्याचं प्रमाण रोबोटमध्ये १.६ टक्के आणि साध्या दुर्बिणीत ४ टक्के होतं. पण तिथले सर्जन दोन्ही पद्धतींत मुरलेले होते. तेच मशीन कालच शिकलेल्या हातात दिलं तर तोच निकाल येईल, असं हा अभ्यास सांगत नाही.

फोनच्या भाषेत सांगायचं तर २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला म्हणून फोटो आपोआप चांगला येत नाही. कॅमेरा कोणाच्या हातात आहे, ते बघावं लागतं.

दुर्बीण कधी टाळतात?

- गाठ शेजारच्या अवयवात घुसली असेल तेव्हा.
- आधीच्या ऑपरेशनांमुळे आतडी एकमेकांना खूप चिकटली असतील तेव्हा.
- आतडं पूर्ण बंद होऊन पोट फुगलं असेल तेव्हा.
- हृदय किंवा फुप्फुस इतकं कमजोर असेल, की पोटात वायू भरून, डोकं खाली ठेवून तासन्‌तास झोपवणं झेपणार नाही, तेव्हा.

यातलं काही असलं की नेहमी ओपनच, असा नियम नाही. पण अशा वेळी डॉक्टर 'ओपन' म्हणाले तर ते जुनाट आहेत असं समजू नका.

पिशवीचं काय?

काकांची खरी भीती हीच होती. पोटावर पिशवी लागणार का? त्यांना वाटत होतं, दुर्बिणीने केलं की पिशवी टळते. नाही. कायमची पिशवी लागणार की नाही हे मुख्यतः गाठ गुदद्वारापासून किती वर आहे आणि शौच रोखणारा स्नायू वाचवता येतो का यावर ठरतं. पोटावरच्या छिद्रांवर नाही.

बऱ्याच जणांना तात्पुरती पिशवी देतात, आतला नवा जोड भरून येईपर्यंत. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी छोट्या ऑपरेशनने ती बंद करतात. त्यानंतरही काही काळ वारंवार जावं लागणं, घाई होणं असे त्रास असू शकतात. आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही.

आणखी एक गोष्ट, जी घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. रेडिएशन आणि ऑपरेशन दोन्हींचा परिणाम लैंगिक क्षमतेवर आणि मूल होण्यावर होऊ शकतो. पेशंट तरुण असेल तर शुक्राणू किंवा स्त्रीबीज गोठवून ठेवण्याबद्दल उपचार सुरू होण्याआधी विचारायचं. नंतर विचारून उपयोग नसतो.

काकांचं ऑपरेशन

आधी एमआरआय झाला. गाठ वेष्टनाच्या कडेजवळ होती, म्हणून आधी रेडिएशन आणि केमो. काही पेशंटांमध्ये एवढ्यानेच गाठ पूर्ण विरघळते आणि डॉक्टर ऑपरेशन न करता कडक देखरेख ठेवतात. काकांची गाठ लहान झाली, पण गेली नाही. मग ठरलं, दुर्बिणीने ऑपरेशन.

त्या दिवशी आम्ही बाहेर बसलो होतो. तीन तासांनी एक डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "दुर्बिणीतून पुढे जाणं सुरक्षित वाटत नाही, ओपन करतोय." एवढं बोलून ते आत गेले. काकू रडायला लागल्या. मला राग आला. चार छिद्रं सांगितली होती, पैसे त्याचे भरले होते आणि आता हे? माझ्या डोक्यात एकच शब्द: फेल.

दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. मी लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर पीडीएफ उघडली. दोन ओळी शोधल्या. वेष्टन: अखंड. कडा: कॅन्सरमुक्त. मग कुठे कळलं, सर्जनने त्या दिवशी काय केलं होतं. रेडिएशननंतर पदर चिकट झाला होता, खोबण अरुंद होती, स्क्रीनवर तो पदर स्पष्ट दिसत नव्हता. हट्टाने दुर्बिणीतूनच ओढत राहिले असते तर कदाचित छेद छोटा राहिला असता आणि पुडकं फाटलं असतं. त्यांनी छेद मोठा केला आणि पुडकं वाचवलं.

कलर-२ अभ्यासातही साधारण सहापैकी एका पेशंटमध्ये दुर्बिणीवरून ओपनकडे वळावं लागलं होतं. हे आम्हाला आधी कोणी समजावलं असतं तर काकूंचे ते दोन तास तसे गेले नसते. ऑपरेशनआधीच्या संमतीपत्रात तशी ओळ असते. आम्ही सही केली होती, वाचली नव्हती.

फोनचा खरा उपयोग इथे करा

१. रिपोर्ट नीट ठेवा. कोलोनोस्कोपी, बायोप्सी, एमआरआय, सीटी. प्रत्येकाची पीडीएफ तारीख टाकून एका फोल्डरमध्ये. एमआरआयच्या फिल्मचा फोटो काढून पाठवणं पुरेसं नाही. सीडी किंवा मूळ डिजिटल फाइल मागून घ्या.

२. दुसरं मत घ्या. परळचं टाटा मेमोरियल मीरा-भाईंदरकरांना लोकलने गाठता येतं. प्रवास झेपत नसेल तर टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेली 'नव्या' ही ऑनलाइन सेवा आहे. तिथे रिपोर्ट अपलोड करून तज्ज्ञांचं मत मिळवता येतं.

३. पैशांची सोय आधी विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात 'आरोग्यमित्र' बसतात. तुमचं नेमकं ऑपरेशन, नेमक्या पद्धतीने, त्यात बसतं का, हे त्यांनाच विचारा.

४. डॉक्टरांना हे प्रश्न विचारा. नोट्समध्ये लिहून न्या आणि उत्तरंही लिहून घ्या:

- माझी गाठ गुदद्वारापासून किती सेंटीमीटरवर आहे?
- एमआरआयनुसार वेष्टनाची कड मोकळी आहे का? आधी रेडिएशन लागेल का?
- तुम्ही अशी गुदाशयाची ऑपरेशनं वर्षाला किती करता? त्यातली दुर्बिणीने किती?
- ओपनकडे वळायची वेळ कधी येते, आणि तेव्हा खर्च किती बदलतो?
- पिशवी तात्पुरती की कायमची?
- पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये वेष्टन अखंड आहे का, हे लिहून येईल ना?

चांगले डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाहीत.

वारंवार पडणारे प्रश्न

*दुर्बिणीने केलं तर केमो टळते का?* नाही. केमो कॅन्सरच्या टप्प्यावर ठरते.

*ओपन म्हणजे जुनं तंत्र का?* नाही. जिथे दुर्बिणीतून नीट दिसत नाही, तिथे आजही तोच सुरक्षित रस्ता आहे.

*मी पंचविशीचा आहे, मला याचं काय?* तरुणांमध्ये मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर जगात अनेक ठिकाणी वाढतोय. शौचातून रक्त, शौचाच्या सवयीत अचानक बदल, पोट साफ न झाल्यासारखं वाटणं किंवा उगाच वजन कमी होणं असं दोन-तीन आठवडे चाललं तर डॉक्टरकडे जा. बहुतेक वेळा मूळव्याधच निघेल. पण तो निर्णय मेडिकलवाल्याने किंवा रीलने घ्यायचा नाही.

शेवटी

काकांच्या पोटावर आज बेंबीखाली लांब व्रण आहे. तात्पुरती पिशवी बंद झाली. तपासणीला ते अजून ठरलेल्या तारखांना जातात, मी सोबत असते. मध्यंतरी कोणीतरी त्यांना विचारलं, "मग दुर्बिणीने झालं की ओपन?" काका म्हणाले, "दोन्ही. पण निघालं पूर्ण."

आपण 'कुठलं मशीन?' विचारत होतो. विचारायचं होतं, 'पूर्ण निघेल ना, आणि कोणाच्या हातून?' हे ज्याच्या घरी आज हवंय, त्याला हा लेख पाठवा. आणि घरात कोणी पाच महिने मलम लावत बसलं असेल, तर त्याला आधी.